मोडका मडगार्ड खरा कसा दिसेल?

तुमची अडचण थोडक्यात अशी. पॅटन एम-४८ रणगाड्याचं १:३५ मापाचं प्लास्टिक मॉडेल कुरिअरने नाशिकरोडला पोचलं तेव्हा उजवीकडचा पुढचा मडगार्ड तुटलेला होता आणि एका चाकाची कड उडालेली होती. जोडत बसण्यापेक्षा १९६५ च्या असल उत्तरच्या लढाईत निकामी झालेला रणगाडा दाखवायचा, असं तुम्ही ठरवलंत. तुटक्या कडा ब्लेडने आणखी कुरतडल्या, तापवलेल्या सुईने गोळ्यांची भोकं पाडली, वर तपकिरी रंग दिला. आता तो भाग ‘चॉकलेटची वडी दाताने तोडल्यासारखा’ दिसतो, आणि गंजाचा कोणता रंग घ्यावा असं तुम्ही विचारलंय.

रंग बदलून हे सुधारणार नाही. चॉकलेटसारखं दिसण्याचं कारण जाडी आहे. किटमधला मडगार्ड साधारण एक मिलिमीटर जाड असतो. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर ३५ मिलिमीटर. खरा मडगार्ड हा चिलखताचा भाग नव्हेच, तो चिखल अडवायला बोल्टने बसवलेला साधा पत्रा, फार तर तीन-चार मिलिमीटरचा. मॉडेलवर तो ०.१ मिलिमीटर भरेल. अखंड असताना ही जाडी डोळ्यात येत नाही, कारण कड सरळ असते आणि सावलीत जाते. तुटला की छेद उघडा पडतो आणि आपल्याला ३५ मिलिमीटर जाडीची वडी दिसते. शिवाय प्लास्टिक तुकडा पडून तुटतं. पत्रा आधी दुमडतो, मग बोल्टपाशी फाटतो. म्हणून आधी पत्रा खरा करायचा आणि रंगाचं नंतर बघायचं.

त्याआधी तीन गोष्टी तुम्हालाच ठरवायच्या आहेत, पुढची सगळी उत्तरं त्यांवर अवलंबून आहेत: तो भाग कशाचा बनलेला होता, मार कुठून आणि कसला बसला, आणि तुम्ही दाखवताय तो क्षण त्यानंतर किती दिवसांनी आहे.

असल उत्तरची लढाई ८ ते १० सप्टेंबरची, पंजाबात खेमकरणजवळ झालेली. तिथे शेतांत पाणी सोडलेलं होतं, त्यामुळे कित्येक पाकिस्तानी पॅटन चिखलात रुतले आणि त्यांच्या चालकांनी ते जसेच्या तसे सोडून दिले. काही चिलखतभेदी गोळ्याने निकामी झाले पण पेटले नाहीत. काही पेटले. ही तीन वेगळी मॉडेलं आहेत. सोडून दिलेल्या रणगाड्यावर जळाल्याची खूण नको. वाकलेला मडगार्ड, लोंबणारी साखळी, उघडी झाकणं आणि पोटापर्यंत चिखल एवढंच पुरतं. तुमच्याकडे एक मडगार्ड आणि एक चाक एवढीच मोडतोड असेल तर माझं मत पहिल्या किंवा दुसऱ्या प्रकाराकडे झुकतं. जळलेला रणगाडा दाखवायचा तर काम एका कोपऱ्यात भागत नाही, अख्खं मॉडेल बदलावं लागतं.

आता मडगार्ड. तुटलेला भाग फार वाचवू नका. जिथे तो हलला (रणगाड्याच्या धडाला) जोडलेला आहे तिथून दोन-तीन मिलिमीटर ठेवून बाकीचा कापून टाका. राहिलेल्या पट्टीची खालची बाजू वक्र ब्लेडने खरवडून कडेला ०.३ मिलिमीटरपर्यंत पातळ करा. वरून काही दिसत नाही, पण नवा पत्रा त्यावर चढवला की पायरी जाणवत नाही. कापलेला तुकडा फेकू नका, मापासाठी आणि उठावाच्या रेघांसाठी तो लागणार आहे.

नव्या पत्र्यासाठी लोक सर्रास शीतपेयाचा कॅन घेतात. जाडी बरोबर ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, पण तो धातू कडक आणि स्प्रिंगसारखा असतो. दुमडलात की अर्धा परत उलगडतो, जोर लावलात तर रेघेवर चिरतो. त्यापेक्षा मलमाची संपलेली ॲल्युमिनियमची ट्यूब उत्तम. ती मुळातच मऊ असते, बोटाने पोचा पडतो आणि पडलेला पोचा तसाच राहतो. ट्यूब उभी कापून उलगडा, साबणाने धुवा, काचेवर ठेवून चमच्याच्या पाठीने सपाट करा आणि दोन्ही बाजूंचा लेप ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून काढा. लेप राहिला तर प्रायमर पुढे सालीसारखा निघतो.

ज्या भागाला आकार धरून ठेवायचा आहे, म्हणजे आधाराचे कोन, हेडलाइटची जाळी किंवा लोंबणारी पट्टी, तिथे पितळी शिम, म्हणजे अगदी पातळ पत्र्याची पट्टी, वापरा. सातपूर-अंबडला बेअरिंग आणि मशीनचे सुटे भाग विकणाऱ्यांकडे ०.०५ आणि ०.१ मिलिमीटरची शिम मागितली की मिळते. ती आणल्याबरोबर वाकवू नका. चिमट्यात धरून गॅसवर अंधुक लाल होईपर्यंत तापवा आणि गार होऊ द्या. तांबट आळीत भांडं ठोकताना मधूनमधून भट्टीत घालतात ते याचसाठी: ठोकून-वाकवून धातू कडक होतो, तापवला की पुन्हा मऊ होतो. हाच प्रयोग ॲल्युमिनियमवर मात्र करू नका. ते लाल न होताच ६६० अंशांना वितळतं, आणि इतका पातळ पत्रा तर बघता बघता हातातून जातो.

मडगार्डवरच्या उठावाच्या रेघा काढायला पत्रा आठ-दहा वर्तमानपत्रांच्या घडीवर ठेवा, स्टीलची पट्टी धरून रिकाम्या बॉलपेनने दोनदा रेघ ओढा आणि पत्रा उलटा करा. पहिल्यांदा हलक्या हाताने, दुसऱ्यांदा जोर देऊन. एकदम जोर दिला तर पत्रा रेघेच्या दोन्ही बाजूंना गोळा होतो.

मोडतोड करण्याची वेळ पत्रा चिकटवल्यानंतरची. आधी अखंड मडगार्ड बसवायचा, बोल्टच्या जागी ०.४ मिलिमीटरची भोकं पाडायची, आणि मग तो वाकवायचा. सुटा वाकवून चिकटवला तर दुमड कुठेतरी अधांतरी येते. बसवून वाकवला तर ती आपोआप बोल्टच्या ओळीपासून सुरू होते, खऱ्यासारखी. चिकटवायला फेविक्विक चालेल, पण सुईच्या टोकाने थेंब-थेंब, आणि नंतर तासभर वारा लागू द्या. बंद डब्यात ठेवलंत तर आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी वाफ बसते. ज्या जोडावर वाकवताना ताण येणार आहे तिथे अरल्डाइट घ्या. फेविक्विकचा जोड ओढ सहन करतो, सोलल्यासारखा ताण नाही.

वाकवताना पक्कड वापरू नका, तिच्या दात्यांच्या खुणा उमटतात. आगपेटीची काडी, पेन्सिलचं मागचं टोक, बोट एवढं पुरेसं. खरा पत्रा कसा दुमडतो हे बघायला ट्रॅक्टर-ट्रॉलीचा मार खाल्लेला मडगार्ड जवळून बघा, पिंपळगाव-निफाडकडे वाटेल तेवढे दिसतील. एक मुख्य घडी असते, तिच्या शेवटी इंग्रजी व्ही अक्षरासारखी सुरकुती फुटते, आणि फाट जवळजवळ नेहमी बोल्टच्या भोकापासून किंवा कडेपासून सुरू होते, मधूनच कधी नाही. फाटलेली कड दातेरी नसते. ती एका बाजूला वर वळलेली आणि बऱ्यापैकी सरळ असते. म्हणून कात्रीने वेडीवाकडी कापू नका. कडेला एक मिलिमीटरची चीर द्या आणि दोन चिमट्यांनी कागद फाडावा तसं हळू फाडा. ट्रॅक्टरचा आकार तेवढा घ्या, रंग नको. द्राक्षबागेतल्या ट्रॅक्टरवर बोर्डोच्या फवाऱ्याचे मोरचुदी निळे डाग असतात, ते रणगाड्यावर कुठून येणार?

भोकांकडे येऊ. तापवलेल्या सुईने तुम्ही हलच्या बाजूलाही भोकं पाडली आहेत. ती पुट्टीने बुजवा. रायफलच्या किंवा मशीनगनच्या गोळीने रणगाड्याचं चिलखत फुटत नाही. तिथे फक्त रंग उडालेला ठिपका आणि शिशाचा करडा फटकारा उरतो, तोही मॉडेलवर अर्ध्या मिलिमीटरचा. गोळीची भोकं पातळ पत्र्यालाच पडतात: मडगार्ड, सामानाच्या पेट्या, पाण्याचे डबे. ७.६२ मिलिमीटरची गोळी मॉडेलवर ०.२२ भरते आणि १२.७ ची ०.३६. तापलेल्या सुईचं भोक सहज एक मिलिमीटरचं होतं, म्हणजे जवळजवळ तीन बोटं जाईल एवढं. ट्यूबच्या पत्र्याला शिवणाची बारीक सुई गोळी आली त्या बाजूने टोचा, कडा आपोआप आत वळतील. वरून आलेल्या गोळीच्या कडा खाली, समोरून आलेल्याच्या मागे. एकाच माऱ्यातली सगळी भोकं एकाच दिशेची हवीत. एक वर आणि एक खाली वळलेलं दिसलं की नजर तिथेच अडकते.

चिलखतावरचा मोठा मार दाखवायचा असेल तर कोणत्या शस्त्राचा, हे ठरवा. भारतीय सेंच्युरियन रणगाड्याची २० पाउंडर तोफ ८४ मिलिमीटरची. पूर्ण व्यासाच्या गोळ्याचं भोक मॉडेलवर २.४ मिलिमीटर होतं. गोल, आत खोल काळोख, आणि तोंडाशी धातू बाहेरच्या बाजूला ओठासारखा थोडा उचललेला. हा ओठ पुट्टीचा पातळ दोरा भोवती लावून ओल्या ब्रशने दाबला की जमतो. कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या १०६ मिलिमीटर रिकॉइललेस तोफेने पॅटन फोडले, तो मार वेगळ्या जातीचा. त्या गोळ्यातला स्फोट धातूचा अरुंद झोत तयार करतो, म्हणून चिलखताला पडणारं भोक गोळ्याच्या व्यासापेक्षा खूपच लहान असतं. मॉडेलवर एक मिलिमीटरच्या आसपास धरा. भोवती तारेसारखे उथळ ओरखडे आणि काजळीचा छोटा डाग. आणि हा मार मडगार्डच्या वर बसला असेल तर चिलखताला लहानसं भोक आणि खालचा पत्रा मात्र चिंधड्या, असं उलटं दृश्य दिसतं. तुमच्या मॉडेलला हे चांगलं बसेल असं मला वाटतं, कारण मडगार्ड का फाटला याचं उत्तर त्या एका भोकातच मिळतं.

चाकाची उडालेली कड ही अडचण नाहीच. पॅटनच्या चाकाला रबराची धाव असते आणि वापरात तिचे लचके निघतात. तुटलेली जागा रबराच्या जाडीपुरतीच खोल आहे का ते बघा. जास्त खोल असेल तर पुट्टी भरून धातूची गोल कड परत काढा, आणि रबराचा तुटका भाग तसाच राहू द्या. तिथे तपकिरी रंग दिला असेल तर तो झाका. रबर गंजत नाही. काळ्यात थोडा करडा घालून, तुटलेल्या तोंडाला एक छटा गडद, बस.

पेटलेला रणगाडा करायचाच असेल तर एवढं लक्षात ठेवा: आगीत धावा जळून जातात, टॉर्शन बारचा (चाकांना स्प्रिंगसारखा आधार देणाऱ्या दांड्यांचा) ताठपणा जातो आणि रणगाडा त्या बाजूला खाली बसतो. चाकांचं रबर पूर्ण कानसून काढा आणि हल दीड-दोन मिलिमीटर खाली बसवा. रंगाचा क्रम आगीपासून दूर जाताना असा: सर्वांत तापलेल्या जागी राखेचा पांढुरका करडा आणि उघड्या लोखंडाचा नारिंगी गंज, मग काजळी, मग फोड आलेला तपकिरी पट्टा, मग शाबूत हिरवा. नुसता काळा स्प्रे मारलेलं मॉडेल जळलेलं दिसत नाही, काळं रंगवलेलं दिसतं.

आता रंग. इथे तिसरा प्रश्न कामाला येतो. लढाईनंतर चार-पाच दिवसांत उघड्या लोखंडावर पातळ, भुरकट नारिंगी थर येतो. तुम्ही दिलेला गडद तपकिरी गंज महिन्यांचा, वर्षांचा. ताज्या फाटेवर तो दिला की डोळ्याला खोटं वाटतं, जरी नेमकं काय चुकलं हे सांगता आलं नाही तरी. पकडलेले पॅटन जिथे मांडून ठेवले होते त्या पॅटन नगरला नंतर आणून ठेवलेला रणगाडा दाखवायचा असेल तर गडद छटा हळूहळू वाढवता येतील.

नव्या धातूच्या भागाला आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून राखाडी प्रायमरचे दोन पातळ हात द्या. गाड्यांच्या दुकानातला स्प्रे वापरणार असाल तर लांबून, भुरभुरता. जाड बसला तर त्यातला थिनर शेजारचं प्लास्टिक खातो. प्रायमरवर लाल-तपकिरी लॅकर किंवा इनॅमल, आणि २४ तास थांबा. मग केसांचा स्प्रे वीस-पंचवीस सेंटिमीटरवरून दोन हलके हात. अर्ध्या तासाने ॲक्रिलिक ऑलिव्ह ड्रॅब (लष्करी हिरवा), पाण्याने पातळ केलेला, एअरब्रशच्या साधारण १५ पीएसआय दाबावर. लॅकर थिनरने पातळ केला तर तो स्प्रेच्या थरात घुसून पक्का बसतो आणि नंतर निघत नाही. दोन-तीन तासांच्या आत ओल्या, आखूड केसांच्या ब्रशने घासा. पाणी रंगाखालचा स्प्रे विरघळवतं आणि रंग टवका होऊन निघतो.

टवके कुठे काढायचे हे महत्त्वाचं. घडीच्या बाहेरच्या कण्यावर रंग तडकतो, आतल्या बाजूला टिकतो. बोल्टच्या भोवती, फाटेच्या कडेला, पाय ठेवायच्या जागी उडतो. सपाट मधल्या भागात क्वचित. बहुतेक टवके ०.३ मिलिमीटरच्या आत ठेवा. तेवढाही खऱ्या मापात एक सेंटिमीटर होतो. एअरब्रश नसेल तर भांड्यांच्या घासणीचा स्पंज चिमटीएवढा फाडून गडद तपकिरीत बुडवा, जवळजवळ सगळा रंग कागदावर टिपून घ्या आणि फक्त कडांवर टेकवा.

गंजाच्या ओघळांसाठी चित्रकारांचे तैलरंग: बर्न्ट अंबर, बर्न्ट सिएना. ते पुठ्ठ्यावर काढून तासभर ठेवा, तेल पुठ्ठा पिऊन घेतो आणि रंग मॅट वाळतो. बोल्टखाली टाचणीच्या टोकाएवढा ठिपका द्या, दहा मिनिटांनी टर्पेंटाइनने जेमतेम ओलावलेल्या ब्रशने खाली ओढा, दोन-तीन मिलिमीटर. दिशा मात्र नीट विचार करून. मडगार्ड आता लोंबतोय, तर मोडतोडीनंतरचे ओघळ जमिनीकडे जातील. पत्र्याच्या जुन्या ‘खाली’ दिशेने नाही. जुने चिखलाचे डाग उलट पत्र्याबरोबर फिरलेले असतील. दोन्ही दिशा एकाच पत्र्यावर दिसल्या की तो पत्रा आधी सरळ होता, हे बघणाऱ्याला न सांगता कळतं.

एक धोका इथेच सांगतो. टर्पेंटाइनचा भरपूर वॉश ताण असलेल्या उघड्या प्लास्टिकवर, विशेषतः चाकांच्या आसांवर, गेला तर प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. प्रायमर आणि वार्निश असलेल्या पृष्ठभागावरच, आणि डबकं साचू न देता वापरा.

पावडरसाठी महागड्या बाटल्यांची गरज नाही. रविवार कारंज्याकडच्या दुकानांत कुंड्यांना लावायची काव आणि पिवडी मिळते. दोन्ही लोखंडाच्या ऑक्साइडचेच रंग आहेत, म्हणजे अक्षरशः गंजाचे भाईबंद. खलात बारीक करून मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. नुसती काव फार लाल पडते. ताज्या गंजाला एक भाग काव आणि दोन भाग पिवडी, चिमूटभर तपकिरी खडूची पूड घालून. रांगोळी मिसळू नका, तिचे कण या मापाला खडीएवढे होतात. पावडर कोरड्या ब्रशने घडीच्या खोबणीत भरा आणि टर्पेंटाइनचा एक थेंब शेजारी सोडा, तो आपोआप आत ओढला जाईल. वरून वार्निश मारलंत तर निम्मी पावडर दिसेनाशी होते.

चिखलासाठी गोदाकाठची किंवा शेतातली काळी माती घेण्याचा मोह होईल. ती आपल्या बेसॉल्टची माती, खेमकरणकडची गाळाची जमीन वाळल्यावर फिकट भुरी दिसते. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये पिवडी, थोडा करडा आणि मॅट मीडियम कालवा. खालच्या थराला ओला गडद, वरच्या शिंतोड्यांना फिकट. साखळी जिथे चाकावर घासते तिथला चिखल पुसून ६बी पेन्सिलचं शिसं बोटाने चोळा. ही चमक सगळ्यात शेवटी, वार्निश झाल्यावर.

खरा पॅटन जवळून बघायचा तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम नाशिकहून एका दिवसात होतं. तिथले रणगाडे रंगवून ठेवलेले आहेत, त्यामुळे रंग तिथून उचलू नका. मडगार्ड हलला कुठे बसतो, आधाराचे कोन किती, बोल्ट किती अंतरावर, याचे फोटो काढा, शक्यतो खालून वर.

हवेचं एक. एप्रिल-मेमध्ये ॲक्रिलिक एअरब्रशच्या तोंडाशीच वाळतो, सुई ओल्या ब्रशने सारखी पुसावी लागते आणि रंगात रिटार्डरचे (वाळणं लांबवणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब लागतात. जुलै-ऑगस्टच्या झडीत केसांचा स्प्रे चिकट राहतो आणि लॅकरवर पांढुरकी साय येते. त्या दिवसांत बल्बखाली कार्डबोर्डच्या खोक्यात भाग वाळवा आणि पाऊस कोसळत असताना लॅकर मारू नका.

सध्याच्या मॉडेलवरचा तपकिरी रंग खरवडत बसू नका. मडगार्ड बदलणारच आहे. हलवरचा रंग १००० नंबरच्या ओल्या पेपरने हलका घासा, बुजवलेल्या भोकांवर प्रायमर द्या, आणि तो तपकिरी थर ॲक्रिलिक असेल तर त्यावर लॅकर वार्निशचा एक हात देऊन एक दिवस ठेवा, नाहीतर टवके काढताना तोही पाण्याबरोबर निघेल. मग त्याच्यावरच केसांचा स्प्रे आणि हिरवा. हिरव्याखालून मधूनमधून डोकावणारा तो तपकिरी लाल प्रायमर म्हणून खपतो, आणि तिथे तो शोभतोही. नवा पत्रा बसवून झाला की रंगाआधीचा एक फोटो कडेच्या बाजूने, खिडकीच्या उजेडात काढा. उघड्या धातूवरच जर तो मार खाल्लेला मडगार्ड वाटला, तर पुढचं काम सोपं आहे. नाही वाटला तर अजून वाकवा, प्रायमर थांबवा.